कस्तुराच्या ओंजळीतलं पाणी

सोजरबाईंच्या हातची पोळी करपावी, ही भोसरीतल्या त्या गल्लीत बातमी होण्याजोगी गोष्ट. नवरा भीमराज ऐन उमेदीत गेला, तेव्हापासून या बाईनं एमआयडीसीतल्या पोरांचे डबे केले. पहिल्या पाळीचे वेगळे, दुसऱ्या पाळीचे वेगळे. त्यावरच मुलगा शिकवला, त्यावरच पत्र्याची खोली पक्की केली. पोळी लाटताना त्यांचे ओठ हलत असायचे. डबा न्यायला आलेल्या पोरांना वाटायचं, मावशी पोळ्या मोजतात. त्या मोजत नसायच्या. ज्याचा डबा भरायचा त्याचं नाव देवापुढं घ्यायचं, हा त्यांचा नेम. पोरगा बीडचा असो की बिहारचा, हिंदू असो की मुसलमान, डब्याबरोबर प्रार्थना बांधून जायची.

अशा बाईचा तवा धुरावला होता आणि त्या खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या.

या अस्वस्थपणाचं मूळ म्हणजे पोटचा मुलगा सनी. सनी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. लग्नानंतर तो आणि सून श्रद्धा रावेतला राहायला गेले आणि तिथल्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी जाऊ लागले. तिथं गिटार वाजते, लोक हात वर करून रडतात. सोजरबाईंचं त्याला काही म्हणणं नव्हतं. देवाला पेटी काय आणि गिटार काय. पण तिथले पास्टर अजिंक्य शिकवत, की तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं तो बाप्तिस्मा नव्हे. माणसानं समजत्या वयात, स्वतः विश्वास धरून, पाण्यात पूर्ण बुडून घेतला तोच खरा. आणि त्याशिवाय स्वर्गाच्या राज्यात प्रवेश नाही.

सनीनं आईच्या मागं लकडा लावला.

"मम्मी, तुला आठवतो का तरी तुझा बाप्तिस्मा?"

"तान्ही होते मी. जन्मल्याचं तरी कुठं आठवतंय? म्हणून काय जन्मले नाही?"

"ते वेगळं. आमच्या गेटवर कार्ड पंच झालं नाही ना, तर वॉचमन ओळखीचा असला तरी आत सोडत नाही."

"तुमच्या गेटवर वॉचमन असतो. तिथं घरधनी स्वतः उभा असतो."

"बरं, रिवर्क समज. पार्ट एकदम चांगलाय, फक्त एक ऑपरेशन राहून गेलंय."

"मी काय गिअर आहे का रे, मेल्या?"

श्रद्धा फिस्सकन हसली. सनी हसला नाही. ताटातला भात चिवडत तो म्हणाला, "तू तिथं दिसली नाहीस, तर मला स्वर्गात करमेल कसं?"

तेवढं वाक्य मात्र आत जाऊन बसलं. वाद घालणाऱ्या मुलाला उत्तर देता येतं, भ्यालेल्या मुलाला काय देणार? सोजरबाई दळण आणायला निघायच्या आणि डबा घरीच राहायचा. भाजीत मीठ दोनदा पडायचं. वयाची पासष्टी ओलांडली, गुडघे बोलू लागले, आता बोलावणं कधीही यायचं. आणि दारात उभं राहिल्यावर कळलं की आपलं आत येणं कधी झालंच नव्हतं, तर? लहानपणापासून त्यांना एवढंच ठाऊक होतं: नेवाशाकडच्या गावात त्या तान्ह्या असताना मरणाच्या दारात होत्या, तेव्हा मास्तरांनी, म्हणजे मिशनच्या धर्मशिक्षकांनी, घाईनं पाणी घालून बाप्तिस्मा दिला आणि त्या वाचल्या. आई गेली, बाप गेला, मास्तर गेले. तो दिवस बघितलेलं माणूस एकच उरलं होतं, चुलत बहीण कस्तुराअक्का.

नाशिक फाट्यावर बसमधून उतरून, शेअर रिक्षानं त्या पिंपळे गुरवला गेल्या.

कस्तुराअक्का गॅलरीत मेथी निवडत बसली होती. दोघींचे बाप सख्खे भाऊ. धाकट्यानं येशूला धरलं, थोरल्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. बहिणींनी मात्र बोलणं कधी सोडलं नाही. सोजरबाई रोजच्या प्रार्थनेत अक्काचं नाव घालायच्या: प्रभू, हिलाही आत घे. हे त्यांनी अक्काला कधी सांगितलं नव्हतं.

मेथीची जुडी पुढं ओढून त्यांनी विचारलं, "अक्का, मास्तरांनी मला पाणी घातलं, तेव्हा तू होतीस ना गं?"

"मास्तर?" अक्कानं मान वर केली. "मास्तर कुठलं आलं? ते त्या दिशी गावात न्हवतंच."

"मग पाणी घातलं कोणी? आईनं?"

"काकू कशी घालंल? तुला आकडी आलेली, निळी पडलेली. काकूच्या मांडीवर तू नि काकूचे हात लटलट कापत्यात. बाप्ये समदे उसाला गेलेले. काकू म्हणली, मास्तरांनी शिकवलंय, दुसरं कुणी असंल तर आईबापानं बाप्तिस्मा देऊ न्हाई, त्यानं द्यावा. आन् दुसरं कोण व्हतं तिथं? घागर घेऊन आलेली मी."

सोजरबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली. "तू?"

"व्हय. नऊ-धा वर्साची आसंल. काकूनं सबुद सांगितलं, मी म्हणलं. वंजळीनं तीनदा पाणी घातलं. बापाच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. अजून पाठ हाय बघ. तिसऱ्या वंजळीला तू जी किंचाळलीस, ती आजपत्तुर गप न्हाई."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस!"

"आमच्या बापानं नुकती दीक्षा घेतलेली. त्याला कळतं तर सालटी काढली आसती माजी. काकूनं गळ्याची आण घातली. पुढं फादर आलं, तुला तेल लावलं, मेणबत्ती लावली. समद्यांला वाटलं, पाणी मास्तरांचंच. मला वाटलं, पोरीसोरींचा खेळ त्यो, कुणाला सांगायचा?" मग बहिणीचा उतरलेला चेहरा बघून अक्का थांबली. "का गं? आता काय, माजं पाणी कच्चं निगालं का?"

धीर घ्यायला गेलेल्या सोजरबाई होता तेवढाही धीर सांडून परत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या चर्चचे फादर गाठले. फादर म्हणाले, "मरणाच्या वेळी कोणीही दिला तरी चालतो, सोजरबाई. ख्रिस्ती नसलेल्या माणसानंही. पाणी खरं, शब्द खरे आणि हेतू खरा, की झालं. तुमचा बाप्तिस्मा पक्का आहे."

"आणि जिनं दिला, तिचं काय फादर? ती आत येणार का?"

फादरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "देवाची दया मोठी आहे," ते म्हणाले. त्यांनी खोटं सांगितलं नाही आणि जास्तही सांगितलं नाही.

त्यानं बुद्धीचं समाधान झालं. पण छातीतली धडधड बुद्धीला विचारून थोडीच चालते? एका अजाण, दुसऱ्या धर्मातल्या पोरीची ओंजळ, आणि तिच्यावर आपण सगळा जन्म टेकवलेला! सनीचा फोन आला. या रविवारी बाप्तिस्मे आहेत, मम्मी, येतेस ना? सोजरबाई म्हणून गेल्या, "येते." भीतीनं माणूस दाराला दुसरी कडी लावतं, तसं झालं ते.

अक्काला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी पन येनार. माजं वतलेलं पाणी कोण बदलतंय ते बघू तर दे."

रविवारी रावेतच्या हॉलमागं, पार्किंगमध्ये, पाण्याची मोठी निळी टाकी वरून कापून ठेवली होती. चढायला स्टीलचं स्टूल. पोरं-पोरी एकेक जण उतरत होती, भिजून, हसत-रडत वर येत होती, लोक टाळ्या वाजवत होते. त्या आनंदात काही खोटं नव्हतं, हे सोजरबाईंना दिसत होतं. म्हणूनच आणखी जड जात होतं. कस्तुराअक्का आपली पांढरी साडी सावरून पुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. बहिणीची कोरडी साडी नि टॉवेल तिच्या मांडीवर, आणि खाली पडू नयेत म्हणून दोन्ही हात त्यांच्याखाली जोडून धरलेले.

सोजरबाई स्टुलावर चढल्या. पास्टर अजिंक्य वयानं सनीएवढेच, आवाज मऊ. "आई, प्रभू येशू तुमचा तारणारा आहे, असा विश्वास धरता?"

"धरते."

"आणि तान्हेपणी झालं तो बाप्तिस्मा नव्हता, आज पहिल्यांदा घेते, असं मानून येता ना?"

सोजरबाईंनी तोंड उघडलं. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. त्यांची नजर खुर्चीकडं गेली. कपड्यांच्या घडीखाली ते हात तसेच होते, आता सुरकुतलेले, मेथीनं नखं हिरवी झालेले. तान्ह्या जिवाला जाऊ न देण्यासाठी बापाच्या माराला न भिता पुढं झालेले हात. ते हात काहीच नव्हते, असं देवासमोर, माइकवर म्हणायचं?

"विश्वास धरते, बाळा," त्या म्हणाल्या. "पण जे झालंय ते झालंच नाही, असं कसं म्हणू?"

अजिंक्यांनी माइक बाजूला केला. "मग आई, उतरू नका," ते हळूच म्हणाले. "मनाविरुद्ध उतरून उपयोग नाही." आणि त्यांनीच हात देऊन त्यांना खाली घेतलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. कोणी तरी खोकलं. सनी गाड्यांच्या रांगेकडं निघून गेला. सोजरबाई पाय ओढत त्याच्यामागं गेल्या. तो मोबाइलमध्ये बघत होता. मोबाइल बंद होता.

"सगळ्यांसमोर, मम्मी," तो म्हणाला.

"रागावलास?"

"राग नाही गं. भीती वाटते."

"मलाही वाटते." त्यांनी त्याच्या शर्टाची मुडपलेली कॉलर सरळ केली. "तू आधी पोचलास तर दारातच थांब. मी दिसले नाही तर हाक मार. शाळेतून यायचास ना, गल्लीच्या तोंडापासून बोंबलत, भूक लागली म्हणून, तशी."

"मस्करी नको ना."

"मस्करी नाही करत."

रिक्षा बोलावून त्यानं दोघींना बसवलं, सोजरबाईंचा पदर चाकात जाईल म्हणून आत सारला आणि रिक्षा वळेपर्यंत तिथंच उभा राहिला.

डांगे चौकात सिग्नल लागला. पुढं कंपनीची बस, मागं टँकर, मधे रिक्षा. कस्तुराअक्का मांडीवरच्या साडीवरून हात फिरवत म्हणाली, "कोरडीच ऱ्हायली की गं ही."

"राहू दे."

"सोजरे, एक इचारू? तू रोज देवापुढं माजं नाव घेतीस, मला म्हाईत हाय. तुजे ओठ दिसत्यात. मला काय कमी न्हाई, मी माज्या ठिकाणी बरी हाय. पन तुजंच खरं धरलं तर... मी तुला आत घातली. मग मी कुठं ऱ्हायची?"

याचं उत्तर सोजरबाईंपाशी तयार होतं. लहानपणी शिकलेलं, शब्द न् शब्द पाठ. विश्वास धरावा, तारण घ्यावं, दार सगळ्यांना उघडं आहे. इतकी वर्षं हेच सांगायची संधी त्या शोधत होत्या. आज संधी समोर बसली होती आणि ते शब्द त्यांना नकोसे झाले. आपण आत जाऊ का, ही धास्ती सकाळपर्यंत होती. ती कुठं गेली कळलं नाही, आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली होती: हिला बाहेर ठेवून आपण आत गेलोच, तर तिथं बसवेल का आपल्याला? सनीचं ताटावरचं वाक्य त्यांना आता कळलं.

त्यांचे ओठ हलू लागले.

"घेतलंस का परत माजं नाव?" अक्का म्हणाली. "मागतीस व्हय माज्यासाठी?"

"मागत नाही. विचारतेय."

"मग? काय म्हणतो?"

सिग्नल सुटला. मागून टँकरवाल्यानं हॉर्न धरला. सोजरबाईंनी रिक्षाची दांडी घट्ट पकडली.

"अजून काही बोलला नाही."

"मग इचारत ऱ्हा," अक्का म्हणाली आणि कोरडी साडी सोजरबाईंच्या मांडीवर ठेवून तिनं हात खालून काढून घेतले.