मी राडी

प्रॉम्प्टर प्रेक्षकांना दिसला तर त्याचं काम चुकलं, आणि ऐकू आला तर बुडालंच. चौतीस वर्षं झारसाहेब विंगेतल्या स्टुलावर बसले. मांडीवर वही, वहीवर मुठीएवढा दिवा आणि समोर झगझगीत उजेडात दुसऱ्यांची आयुष्यं. कंपनीत आलेल्या प्रत्येक नव्या नटाला पहिल्याच तालमीत ते आपला नियम सांगत. “अडलास तर माझ्याकडे बघू नकोस. मी दोन मोजीन. मग पहिला शब्द देईन. फक्त पहिला. पुढचं तुझं तुला सुचतं.”

आणि सुचायचं. ज्यांच्या नावावर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागायची, असे मोठमोठे नट त्या एका कुजबुजलेल्या शब्दावर तरून जायचे आणि टाळ्या घेऊन आत यायचे. चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही चुकीचा शब्द दिला नाही. निदान रंगमंचावर तरी नाही.

झारसाहेब हे नाव कंपनीनेच ठेवलेलं. एका दौऱ्यात, फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात, त्यांना रशियन भाषेचं एक स्वयंशिक्षक सापडलं. मुखपृष्ठ फाटलेलं, पहिली चार पानं गायब. माणूस त्यात बुडाला तो बुडालाच. बसमध्ये बाकीचे पत्ते कुटायचे, हे क्रियापदं घोकायचे. मग कादंबऱ्या आल्या, इतिहासाचे ठोकळे आले, तबकड्या आल्या. कोपरांवर विरलेला लांब कोट घालून ते तालमीला शिरले की नायकाचं काम करणारा नट खाली वाकून विचारायचा, “झारसाहेब, राज्य कुठवर आलं?”

“षष्ठी विभक्तीपर्यंत,” झारसाहेब गंभीर चेहऱ्याने सांगायचे, आणि सगळी तालीम हसायची.

त्या देशात मात्र ते कधी गेले नाहीत. बायको म्हणायची, “तुमचं आपलं आयुष्यभर दुसऱ्याच्या लग्नात नाचणं.”

कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाल्यावर, झारसाहेब चौऱ्याहत्तर वर्षांचे असताना, वाचनालयाच्या ग्रंथपालबाई एक दिवस त्यांच्या टेबलापाशी आल्या. “वरची खोली रविवारी सकाळी रिकामी असते. ‘रशियाची ओळख’ म्हणून एक वर्ग घ्या ना. थोडी अक्षरं, थोडा इतिहास, साहित्य, संगीत. तुमच्याशिवाय इथे कोणाला येतंय?”

झारसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी उजेडात बोलावत होतं. त्यांनी हो म्हटलं आणि घरी जाऊन कोटाला इस्त्री केली.

पहिल्या रविवारी नऊ नावं आली. स्वतः ग्रंथपालबाई, कोपऱ्यावरचे शिंपीदादा, एक निवृत्त पोस्टमन, कॉलेजातल्या काही मुली. नववं नाव वाचून झारसाहेबांचा हात थांबला. त्यांची लेक. चिमणी. वय सेहेचाळीस, शाळेत संगीतशिक्षिका, दोन गल्ल्या पलीकडे नवऱ्यासोबत राहणारी.

“तू कशाला आलीस गं?”

“का? प्रवेश बंद आहे? घरी तर तुम्ही रशियाचं नाव काढणंच सोडलंत. म्हटलं, इथे तरी ऐकावं.” तिने वही उघडली, पेन्सिल कानामागे खोवली. अगदी लहानपणी खोवायची तशी.

झारसाहेबांनी नावांचा कागद दुमडून ठेवला. या मुलीला ही लिपी येता कामा नये, एवढी एकच गोष्ट जगात त्यांना हवी होती.

कारण तिच्या घरी, पियानोपुढच्या बसायच्या पेटीत, जुन्या स्वरलिप्यांच्या खाली एक पत्र होतं.

ती एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. कंपनीच्या जुन्या पियानोवर शिकलेली मुलगी, पण बोटांत असं काही होतं की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. त्या देशातला एक पियानोवादक दौऱ्यावर आला होता. त्याने तिला ऐकलं आणि आपल्या संगीतविद्यालयाचा पत्ता लिहून दिला. बापलेकीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अर्ज लिहिला. ती सांगायची, हे रशियनमध्ये उतरवायचे. “बाबा, मी हुशार आहे असं लिहा.” “विनम्र आहे असंही लिहितो, म्हणजे एक तरी खोटं पडेल,” असं चाललेलं. तिच्या वादनाची टेप गेली, अर्ज गेला. येणार काहीच नाही, असं झारसाहेबांनी मनात धरलं होतं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. बायको तेव्हा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. चिमणी ओले हात घेऊन धावत आली. झारसाहेबांनी पाकीट फोडलं, घसा साफ केला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यांचं रशियन पुस्तकातून आलेलं, कानातून नव्हे. तिथला मऊ ‘द’ त्यांच्या तोंडी ठणठणीत ‘ड’ व्हायचा.

“मी राडी...”

“मी रडी?” चिमणी हसली, पण हसू अर्ध्यावरच अडकलं. “म्हणजे काय बाबा? मी रडायचं?”

त्या भाषेत ‘मी’ म्हणजे ‘आम्ही’. आणि पुढचा शब्द म्हणजे ‘आनंदित’. आपल्याला कळवण्यास आम्हाला आनंद होतो, असं ते वाक्य होतं. पुढे प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृहाची खोली, सगळं होतं.

झारसाहेबांनी डोळ्यांनी ते वाचलं. आतून बायकोने पाणी मागितलं. त्यांनी मनात दोन मोजले.

“तसंच समज, चिमणे,” ते म्हणाले. “नाही म्हणतायत.”

इतकंच. एका शब्दाचा ध्वनी तिने चुकून पकडला आणि त्यांनी तो दुरुस्त केला नाही. पुढची सत्तावीस वर्षं ते स्वतःला कारणं देत राहिले. आजारी बाईचं कोण करणार? कंपनी दौऱ्यावर, मुलगी परदेशात, घरात कोण? ही कारणं खोटी नव्हती. पण पहाटे जाग आली की त्यांच्या तळाशी आणखी एक कारण दिसायचं, आणि ते कुशीवर वळायचे. ज्या दारात आपण जन्मभर उभे राहिलो, त्या दारातून ही पोरगी सहज आत जाणार होती. ते त्यांना एका क्षणापुरतं सहन झालं नव्हतं. एका क्षणापुरतंच. पण नेमका तोच क्षण होता.

“द्या ते पत्र,” चिमणी म्हणाली होती. “माझा नकार आहे. मी ठेवते.”

त्यांनी दिलं. ती लिपी वाचणारं घरात दुसरं होतं कोण? बायको चौदा महिन्यांनी गेली. तोवर चिमणीने शाळेत नोकरी धरली होती आणि चाळीस पोरांच्या कलकलाटात पेटीवर एका बोटाने एकेक सूर दाखवत होती.

म्हणून वर्गाचा क्रम झारसाहेबांनी उलटा लावला. आधी अक्षरं ठरली होती, ती त्यांनी मागे ढकलली आणि इतिहास काढला. दलदलीवर राजधानी उभारणारा झार त्यांनी असा उभा केला की ग्रंथपालबाईंनी पाय वर घेतले. जमिनीबरोबर माणसंही विकली जात आणि अठराशे एकसष्ट साली ती सुटली, पण जमीन काही त्यांना सुखासुखी मिळाली नाही, हे सांगताना त्यांचा आवाज खाली उतरला. महायुद्धात वेढा पडलेल्या शहरात उपाशी वादक वाद्यं धरून कसे बसले, हे ऐकताना पोस्टमनने चष्मा पुसला. मग साहित्य आलं.

“तिथल्या कादंबरीत एका माणसाला तीन नावं,” झारसाहेब म्हणाले. “एक स्वतःचं, त्याला जोडून बापाचं, शिवाय घरातलं लाडाचं.”

“तरीच!” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “चौथ्या पानावर सहा माणसं भेटली, आणि शंभराव्या पानावर कळलं की दोघंच होती.”

“बापाचं नाव प्रत्येक हाकेत?” चिमणीने विचारलं. “म्हणजे सुटका नाहीच.”

सगळे हसले. झारसाहेबही हसले, जरा उशिराने.

शेवटी शिंपीदादांचाच धीर सुटला. “मास्तर, राजे मारून झाले, रजवाडे जाळून झाले. आता अक्षरं काढा की.”

अक्षरं काढावी लागली. इंग्रजी ‘पी’सारखं दिसतं ते ‘र’, ‘एच’सारखं दिसतं ते ‘न’.

“दिसतं एक, निघतं दुसरं,” शिंपीदादा म्हणाले. “आमच्या व्याह्यांसारखं.”

चिमणी भराभर लिहीत होती. उच्चार तर तिचे बापाहून साफ. “जीभ दातांना लावा,” झारसाहेब सगळ्यांना सांगत. “तिथे आपला कठोर ‘ड’ नाही. मऊ ‘द’. मीसुद्धा ऐन उमेदीत चुकीचं म्हणायचो. रेडिओ ऐकून ऐकून सुधारलो.” बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. चिमणीने वहीतून मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी तिने हात वर केला. “मास्तर, ‘आम्हाला आनंद होतो’ हे कसं म्हणायचं?”

झारसाहेब फळा पुसू लागले. फळा कोराच होता. “ते... ते पुढच्या वेळी.”

त्यापुढच्या रविवारी तिने पुन्हा विचारलं. त्यांनी व्याकरण अवघड आहे म्हणून टाळलं. तिसऱ्या वेळी शिंपीदादाच म्हणाले, “काय मास्तर, दुःखाचे सगळे शब्द झाले, आनंदालाच एवढा उशीर?” योगायोग असेल, असं झारसाहेबांनी मनाला बजावलं.

मग संगीताचा रविवार आला. त्यांनी वाद्यांशिवाय गाणाऱ्या चर्चच्या वृंदाची तबकडी लावली. खर्जातले पुरुषी आवाज खोलीच्या लाकडी जमिनीतून पायांत शिरले. नंतर घंटा. “तिथे घंटा हलवत नाहीत. आतला लोळा दोरीने ओढतात. त्या लोळ्याला आणि तोंडातल्या जिभेला तिथे एकच शब्द आहे, आणि भाषेलाही तोच. आणि त्यांच्याकडे एक घंटा आहे, घराएवढी. ओतली, पण टांगण्याआधीच आग लागली आणि तिचा तुकडा उडाला. ती कधी वाजलीच नाही.”

“एकदाही नाही?” चिमणी म्हणाली.

“नाही.”

“म्हणजे तिचा आवाज कसा असता, हे कोणालाच माहीत नाही.”

खोलीच्या कोपऱ्यात वाचनालयाचा जुना पियानो होता. ग्रंथपालबाईंनी आग्रह केला तसं चिमणीने तिकडच्या एका नृत्याची लहानशी धून वाजवली. बोटं शाळेतल्या वर्षांनी जड झालेली. दोन ठिकाणी अडखळली. पण मधल्या चार ओळींत ती एकोणीस वर्षांची मुलगी खोलीत येऊन गेली, आणि शिंपीदादांचासुद्धा विनोद सुचायचा राहिला.

वर्ग सुटला. जिन्यावरची पावलं खाली गेली. झारसाहेब म्हणाले, “चिमणे, थांब जरा.”

ती पियानोपाशी उभी राहिली. त्यांनी तोंड उघडलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांना वाक्यं पुरवणारा माणूस, आणि स्वतःचं एक वाक्य ओठांवर येईना. त्यांनी खोलीभर पाहिलं. विंगेत कोणीच नव्हतं.

चिमणी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच, कुजबुजून म्हणाली, “एक. दोन.” आणि पहिला शब्द दिला. फक्त पहिला.

“मी...”

“मी,” झारसाहेब म्हणाले, “मी तुला खोटं सांगितलं.”

तिने पर्समधून पाकीट काढलं. घड्यांवर पिवळं पडलेलं. “महिना झाला वाचून. शब्दकोश घेऊन बसले, तीन दिवस लागले. तीन रविवार तुम्हाला शब्द दिला, बाबा. एकदाही उचलला नाहीत.”

“तुझी आई तेव्हा...”

“आईचं मला सांगू नका. मला विचारलं असतंत तर कदाचित मीच राहिले असते. विचारलं असतंत तर.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “आता वाचा. पूर्ण. नीट.”

त्यांनी चष्मा चढवला आणि वाचलं. खड्या आवाजात, विंगेतला माणूस वाचतो तसं नव्हे. जीभ दातांना लावून. मी रादी. मग प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृहाची खोली, सोबत गरम कपडे आणण्याची सूचना. खाली त्या पियानोवादकाने शाईने लिहिलेली एक ओळ होती, जी त्यांनी त्या दिवशी वाचलीच नव्हती. ‘तुमची वाट पाहतो आहे.’

“ती ओळ पुन्हा,” चिमणी म्हणाली. त्यांनी पुन्हा वाचली.

तिने पत्र घेतलं, घडी केली, पियानोचं झाकण बंद केलं. “रडीचा डाव झाला, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही खेळलात आणि मी सत्तावीस वर्षं हरत राहिले.”

आणि गेली. जन्मात कधी ‘येते’ म्हटल्याशिवाय त्यांच्या समोरून न हललेली मुलगी नुसती गेली.

पुढच्या रविवारी आठजण होते. झारसाहेबांनी फळ्यावर आधी तो शब्द लिहिला. “याचा उच्चार ‘राडी’ नाही, ‘रादी’. अर्थ, आनंदित. हा शब्द मी एकदा चुकीचा शिकवला होता. जिला शिकवला, तिचं फार नुकसान झालं.” शिंपीदादांनी काही विचारायला तोंड उघडलं, मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वहीत मुकाट्याने उतरवून घेतलं.

बुधवारी त्यांची औषधं आली, एरवी चिमणी आणायची ती, जावयाच्या हाती. त्यापुढच्या बुधवारीही.

चौथ्या रविवारी ती आली. मागच्या खुर्चीवर बसली. एकही प्रश्न विचारला नाही, पण सगळं लिहून घेतलं. वर्ग सुटल्यावर बाकीचे उतरले आणि ती दाराशी थांबली, पाठमोरी, एक हात चौकटीवर. काहीतरी म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं. अशी पाठ झारसाहेबांनी विंगेतून शेकडो वेळा पाहिली होती. त्यांच्या ओठांवर शब्द आला. ‘येते’. दोनच अक्षरं. नुसती कुजबुज पुरली असती.

त्यांनी ओठ मिटून घेतले. एक. दोन. ते पुढे मोजत राहिले. तीन. चार. नऊ मोजले तेव्हा तिने चौकटीवरचा हात काढला. मग जिना उतरणारी तिची पावलं त्यांनी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली.