चौथा दिवस, संध्याकाळी साडेपाच

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. "ताई, येऊन राहिली वं मी पुण्याले. चार दिवस. पुणं दाखव मले," एवढं बोलून तिने फोन ठेवलासुद्धा. आमच्या यवतमाळकडची माणसं फोनवर घोळ घालत नाहीत. मी मात्र पानं केराच्या टोपलीत टाकली आणि काड्या भाजीत, हे आमच्या ह्यांनी जेवताना एकेक काडी ताटाच्या कडेला मांडून दाखवून दिलं. सत्तरीला टेकलेल्या बाईने इतकं उडावं का? उडावं. गुडघे नाही म्हणतात म्हणून मनाने उडावं.

माझी नात हडपसरला आयटी कंपनीत आहे. आठवड्यातले दोन-तीन दिवस तिची कंपनी आमच्या खडकीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर भरते. बातमी ऐकून तिने कंपनीचं काम बाजूला सारलं आणि लॅपटॉपवर चौकटी आखायला घेतल्या.

"आजी, चार दिवस म्हणजे बारा स्लॉट. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दुपारी शॉपिंग टाकते, पेठेत. दोन ते चार."

"दोन ते चार? पुण्यातच जन्मलीस ना गं तू? पेठेतल्या दुकानदारांना उठवायला कोण जाणार?"

"मग दुपारी काय करायचं?"

"झोपायचं. तेही पुणं दाखवणंच आहे."

मग आमची जुंपली. तिला स्थळं पाहता पाहता मधल्या वेळात खायचं होतं, मला खाता खाता मधल्या वेळात स्थळं पाहायची होती. शेवटी पहिल्या दिवशी मिसळ आणि शनिवारवाडा, दुसऱ्या दिवशी पर्वती आणि मस्तानी, तिसऱ्या दिवशी सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, चौथ्या दिवशी मंडई, तुळशीबाग आणि उरलंसुरलं, अशी तडजोड झाली. रात्रीची गाडी आठची. साबुदाण्याची खिचडी दोनदा आली होती, ती मी काढू दिली नाही.

"मावशीआजी पुण्याला कधीच आली नाहीये का?" नातीने विचारलं.

"आली होती. एकदा."

"मग परत का नाही आली?"

आता इथे मला त्या तेवीस वर्षांच्या बाईबद्दल सांगणं भाग आहे. म्हणजे माझ्याबद्दल. पण तिला 'मी' म्हणायला अजून जीभ अडखळते.

ही बाई लग्न होऊन खडकीच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आली. पुण्यात येऊन दोन वर्षं झाली होती. तिला पुणं माहीत होतं ते बसच्या चार थांब्यांएवढं, पण ऐट अशी की पेशव्यांनी हिला विचारून वाडा बांधला असावा. शेजारणींचं ऐकून ऐकून ती 'आपण' आणि 'अहो'वर आली होती. दारावर भाजीवाला आला की त्याला म्हणे, "आपली मेथी ताजी आहे का?" तो बिचारा मागे वळून बघायचा, ही आणखी कुणाशी बोलते.

धाकटी बहीण पहिल्यांदा पुण्याला येणार म्हणून या बाईने शंभर पानी वही घेतली आणि वेळापत्रक लिहिलं. पर्वती, आठ दहा ते आठ चाळीस. अर्ध्या तासात चढून, दर्शन घेऊन, उतरून खाली! बहीण पाचव्या पायरीवर श्वास घ्यायला थांबली तर ही वरून म्हणाली, "आपण मागे पडतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शनिवार पेठेतल्या एका मिसळीच्या दुकानात दोघी गेल्या. भिंतीवर पाटी होती: 'रस्सा मागितल्यास मिळेल. पाव मागितल्यास मिळेल. मत मागितलेले नाही.' बहिणीने पहिला घास घेतला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, "ताई, हे गोडाचं हाये का?" मग पिशवीतून आईने दिलेला ठेच्याचा डबा काढला. आमच्याकडे पद्धत अशी की डबा उघडला तर एकट्याने खायचं नाही. तिने आपल्या मिसळीत ठेचा कालवला आणि समोरच्या टेबलावरच्या दोन अनोळखी गृहस्थांच्या बशीतही एकेक चमचा वाढला. "घ्या भाऊ, लाजू नका." एक गृहस्थ लगेच ठसकले. दुसऱ्यांनी आणखी मागितला.

गल्ल्यावरचे मालक उठून आले. "अहो बाई, बाहेरचं इथे चालत नाही." मग आमच्या पुणेरी बाईकडे वळून, "या आपल्याबरोबर आहेत का?"

आणि ती पुणेरी बाई, आपल्या सख्ख्या बहिणीच्या समोर बसलेली, एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलेली, काय म्हणाली? म्हणाली, "नाही. मी ओळखत नाही यांना."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. डबा बंद केला, पदर सावरला आणि बाहेर जाऊन फुटपाथवर उभी राहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून गेली, दोन दिवस आधीच. नंतर मी माहेरच्या लग्नाकार्यात भेटायचे तेव्हा ती आग्रह करून वाढायची, पाय चेपून द्यायची, पण पुण्याचं नाव निघालं की तिला नेमकं आत चुलीवर काहीतरी उतू जाताना दिसायचं. मीही कधी विषय काढला नाही. असं करता करता पंचेचाळीस वर्षं गेली.

नात ऐकत होती. लॅपटॉपवरची तिची बोटं थांबली होती.

"आजी. तू सॉरी म्हणालीस?"

"आमच्या वेळी बहिणींमध्ये सॉरीबिरी नव्हतं."

"आणि आता ती येतेय, चार दिवस. तू काहीच बोलणार नाहीस? आणि ती परत मधेच निघून गेली तर?"

हेच तर होतं. कोथिंबीर उगाच चुकली नव्हती. आनंद होताच, पण त्याच्या पोटात हा खडा होता.

"प्लॅनमध्ये टाकते," नात म्हणाली, आणि टाइप केलंच: 'आजी माफी मागते. पंधरा मिनिटं.' "पहिल्या दिवशी, मिसळीनंतर?"

"मिसळीनंतर नको. तोंड भाजलेलं असतं."

"शनिवारवाड्यात?"

"तिथे लोक फोटो काढत असतात. मागे मी रडताना यायची कुणाच्या तरी फोटोत."

"पर्वतीवर?"

"वर पोचेपर्यंत मला इतकी धाप लागेल की तिला वाटेल मी शेवटचे शब्द बोलतेय."

"सिंहगड? छान वारा असतो."

"वाऱ्यात ऐकू येत नाही. माफी काय ओरडून मागू?"

"मस्तानी पिताना?"

"दात ठणकतात माझे."

असं करत करत ती चौकट खाली खाली घसरत गेली आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला जाऊन टेकली, स्टेशनला निघायच्या जरा आधी.

"म्हणजे सॉरी म्हणायचं आणि ट्रेनमध्ये बसवून द्यायचं?"

"हो. तिला उत्तर द्यायला वेळच नको."

"आजी, यू आर इम्पॉसिबल," असं म्हणून नात तिच्या मीटिंगला गेली, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.

संध्याकाळी चहा पिताना सहज म्हणाली, "मावशीआजीला प्लॅन पाठवला हं व्हॉट्सॲपवर. गुडघ्यांचं विचारायचं होतं."

माझ्या हातातली खारी चहात पडली. "सगळा?"

"सगळा."

"चौथ्या दिवसासकट?"

"अय्या," ती म्हणाली. ते 'अय्या' खरं होतं की बनावट, हे मला आजवर कळलेलं नाही. तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. माझीच नात.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दुसरा दिवस गेला. उत्तर नाही. मी दिवसातून वीस वेळा त्या खुणा पाहत होते. हे म्हणाले, "येत नसती तर कळवलं असतं तिने." मी म्हटलं, "मागच्या वेळी जाताना तरी कुठे कळवलं होतं?" मी बेसन आणून ठेवलं होतं, पाहुण्यांची चादर काढून उन्हात टाकली होती. ती चादर पुन्हा कपाटात ठेवायला मी हातात घेतली होती, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला.

"ताई, यादी वाचली. चश्मा लावून वाचली. पर्वती मी चढत नाही, खालूनच हात जोडीन."

"बरं."

"सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते का?"

"जाते."

"साबुदाणा दोनदा काहून?"

"मला आवडतो."

"आन् चौथ्या दिवशी साडेपाचले हे काय लिवलं हाये?"

मी म्हटलं, "ते पोरीने लिहिलंय."

"पोरीले कोणं सांगितलं?"

मी फोन या कानावरून त्या कानाला लावला.

"चार दिवस हे ओझं डोक्यावर घेऊन हिंडू का वं मी? मस्तानी घशाखाली कशी उतरन? जे काय म्हणायचं ते आता म्हण."

"आता? फोनवर?"

"मंग काय टपालानं?"

मी उठून उभी राहिले. फोनवर बोलताना उभं कशाला राहायचं, पण राहिले. म्हटलं, "मी तुला ओळखत नाही म्हणाले. सगळ्यांसमोर. मला तुझी लाज वाटली होती. त्या माणसाची भीतीही वाटली, पण लाज जास्त वाटली. फार वाईट वागले मी. माफ कर मला."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. एक, दोन. मला वाटलं, ती फोन तसाच ठेवून उठून गेली.

मग ती म्हणाली, "मीबी थोडं मुद्दाम केलं होतं."

"काय?"

"तू दोन दिवस माझ्यासंगं 'आपण, आपण' करत होती. सख्ख्या बहिणीसंगं! म्हटलं, दाखवतेच हिले. म्हणून बोलली मोठ्यानं, म्हणून वाढला त्या लोकाईले ठेचा." तिने कुकर खाली ठेवल्याचा आवाज आला. "पण तू ओळख नाही म्हणशीन, हे नव्हतं वाटलं मले. फुटपाथवर उभी होती ना, तवा वाटत होतं, आता येईन ताई मागून."

मी आले नव्हते. मी आधी माझी मिसळ संपवली होती. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, त्या सकाळी सांगितलं.

ती इतकी हसली की तिला खोकला लागला. "सारी संपवली?"

"पावसुद्धा."

"भवाने!" ती म्हणाली. ही शिवी मला पंचेचाळीस वर्षांत तिने दिली नव्हती. मी पदराने डोळे पुसले आणि हसले, दोन्ही एकदम, त्यामुळे काही धड झालं नाही.

"रडू नको. मले सांग, साडेपाच आता रिकामं झालं का नाही?"

"झालं."

"मंग तिथं काय खायचं?"

नात कधीची कान लावून बसली होती, ती ओरडली, "सारसबागेची भेळ!" मी म्हटलं, "कॅम्पातल्या बेकरीतली बिस्किटं, गरम असतात." आणि आतल्या खोलीतून, ज्यांना तीन हाका मारल्याशिवाय ऐकू येत नाही असे आमचे हे म्हणाले, "अळूवडी."

"तिन्ही लिही," बहीण म्हणाली. "गाडी आठची हाये."