गुलमोहराचा बेहडा

काहीतरी करून बसल्या की मावशींचा उजवा हात पाठीमागे जायचा. बोटांना ओली माती असायची आणि चेहऱ्यावर देवळात हात जोडून उभ्या असलेल्या माणसाचा भाव. "मी काई नाई केलं भाऊ," त्या म्हणायच्या, "थे आपल्या मनानंच उगवलं."

खोटं बोलताना चेहरा अधिकच भाबडा होणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला कळलेलं असतं, ते आपल्याला कळलंय हे त्यांनाही कळलेलं असतं, आणि तरी चहा सुखानं होतो.

मी तेव्हा अकोल्यातल्या एका संस्थेत नोकरीला होतो. संस्थेनं अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याची एक उघडी टेकडी झाडं लावायला घेतली होती. आठवड्यातून तीनदा मी जठारपेठेतून निघून एसटीनं अकोट आणि तिथून ऑटोनं टेकडी गाठायचो. कोणतं झाड लावलं आणि जगलं की मेलं, हे रजिस्टरात लिहिणं माझं काम. रोपं वाढवणं, पाणी घालणं, राखण करणं मावशींचं.

मावशी पायथ्याच्याच गावच्या, साठीला टेकलेल्या. टेकडीला लागूनच त्यांचं वावर, म्हणजे शेत. लहानपणी आईबरोबर त्या याच टेकडीवर मोहफुलं आणि टेंभुर्णीची टेंभरं वेचायला जायच्या. मग टेकडी तुटली. आधी मोठी झाडं गेली, मग लहान, शेवटी खुंटंही सरपणाला गेली. "मायनं जिथं मले सावलीत निजवलं होतं, थे जागा मले आता सापडत नाई," एवढंच त्या एकदा म्हणाल्या, आणि लगेच उठून बकऱ्या हाकलायला गेल्या.

पहिल्याच पावसाळ्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम झाला. संस्थेचे अध्यक्ष अमरावतीहून आले. मोठे वकील, स्वभावानं चांगले, पण झाड म्हणजे फुलांचं, अशी त्यांची समजूत. त्यांनी गुलमोहर लावला. पाठोपाठ पंचवीस-तीस पाहुण्यांनीही गुलमोहरच लावले. प्रत्येक रोपापुढे पत्र्याची पाटी रोवली, वर पाहुण्यांचं नाव आणि 'यांच्या शुभहस्ते'.

दुसऱ्या दिवशी गेलो तर पाट्या जागेवर होत्या, गुलमोहर नव्हते. अध्यक्षांच्या पाटीमागे बेहडा. बाकीच्यांमागे मोह, चारोळी, धावडा, आवळा.

"मावशी, हे काय?"

हात पाठीमागे गेला. "उगवलं आपल्या मनानं."

"एका रात्रीत? ओळीत? पाटीला धरून?"

"थेच तं मी म्हनतो भाऊ, कमाल हाय!"

मी रागावलो. तेव्हा त्यांनी मला खाली बसवलं आणि समजावलं. गुलमोहर दिसायला राजबिंडा, पण त्याचं फळ कोणी खात नाही. अस्वल येणार ते मोहाखाली, हरियल पक्षी बसणार तो उंबरावर. "सायबाईले झाडं लावाची हायत, मले जंगल पाह्यजे," त्या म्हणाल्या. "आन् तुमी काहून घाबरता? तुमाले फक्त जिवंत का मेलं एवढंच लिव्हाचं हाय ना? मंग लिवा, जिवंत!"

मी लिहिलं. 'गुलमोहर, जिवंत.' अशी ओळीनं तीस खोटी वाक्यं मी निळ्या शाईनं लिहिली.

दोन वर्षांनी अध्यक्ष आले, बेहड्यापुढे उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "कसा वाढला हो माझा गुलमोहर!" मी पायाखालचे दगड बघत होतो. मावशी शांतपणे म्हणाल्या, "तुमचा हात लागला ना सायेब. पानंसुदिक मोठी झाली."

एकदा आम्ही दोघं अकोल्याला मीटिंगसाठी एसटीनं निघालो होतो. मावशींच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. वाटेतलं चोहोट्टा गाव येईपर्यंत मला भूक लागली.

"मावशी, काय आणलं डब्यात?"

"तुमाले नाई चालनार."

मला वाटलं झणझणीत ठेचा असेल. मला सगळं चालतं म्हणत मी झाकण उघडलं. आत स्वच्छ फडक्यात बांधलेली अस्वलाची विष्ठा होती. "पाहा, टेंभराच्या बिया हायत यात," मावशी कौतुकानं सांगू लागल्या. "अस्वलाच्या पोटातून आलेलं बी मस्त रुजते. नाल्यात सापडली मले." शेजारचे गृहस्थ उठले आणि अकोल्यापर्यंत उभेच राहिले. मीटिंगमध्ये तोच डबा बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवला गेला, आणि त्या दिवसाचे सगळे विषय दहा मिनिटांत मंजूर झाले.

पाच-सहा वर्षांत टेकडी भरली. मावशींच्या झाडांखाली बोरी, पळस, करवंद, गवत असा झाडोरा दाटला. मग पाखरं आली, ससे आले, रोही म्हणजे नीलगायी आल्या, रानडुकरं आली. आणि एका हिवाळ्यात पाठीवर पिल्लू घेतलेली अस्वलीण आली. मावशींनी ती लांबून पाहिली आणि गावभर सांगितलं. तेच नडलं.

त्या वर्षी डुकरांनी हरभरा उधळला. टेकडीलगतची वावरं गेली, त्यात पहिलं वावर मावशींचंच. गावात बैठक बसली. त्यांचा सख्खा दीर सगळ्यांपुढे ओरडला, "वयनी, तुमी झाडं नाई, आमच्या जिवाले घोर लावला! उद्या अस्वलानं कोनाले फाडलं तं?"

खाली मान घालून बसलेल्या मावशी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

गावानं संस्थेला अर्ज दिला आणि संस्थेनं ठरवलं की मे महिन्यात जेसीबी लावून झाडोरा साफ करायचा. रजिस्टरातली, पाटी असलेली झाडं तेवढी ठेवायची. बाकी सगळं सपाट.

जेसीबी यायच्या आदल्या दिवशी मावशींनी माझ्याकडे गोदामाची किल्ली मागितली. दरवर्षीच्या कार्यक्रमांच्या उरलेल्या, चुकलेल्या, गंजलेल्या पाट्या तिथं रचून ठेवल्या होत्या. कशाला हवी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला उत्तर माहीत झालं असतं.

सकाळी जेसीबीवाला आला आणि यंत्र बंद करून डोकं खाजवत उभा राहिला. टेकडीवर प्रत्येक झुडपाला पाटी होती. करवंदीची जाळी एका बँक मॅनेजरच्या शुभहस्ते. वारूळ एका प्राचार्यांच्या शुभहस्ते. आणि सगळ्यात काटेरी बोरीवर खुद्द अध्यक्षांचं नाव.

"साहेबाच्या झाडाले मी हात लावत नाई बाप्पा," जेसीबीवाला म्हणाला आणि त्यानं अमरावतीला फोन लावला.

अध्यक्ष दुपारी पोचले. पाट्या वाचत वाचत ते अख्खी टेकडी चढले आणि बोरीपाशी थांबले. "रजिस्टर आणा," म्हणाले. मी आणलं. त्यांनी पान वाचलं, बेहड्याकडे पाहिलं, पुन्हा पान वाचलं. "हे गुलमोहर कोणी लिहिले?"

आता माझा हात पाठीमागे गेला.

"त्याईले काई बोलू नोका," मावशी पुढे झाल्या. दोन्ही हात समोर, मातीसकट. "मीच केलं सायेब. सगळं. तुमाले फसवलं. मले काढून टाका, पन टेकडी काढू नोका. एक डाव तुटतानी पायली मी. दुसऱ्यानं नाई पाहवत." आणि त्या चक्क रडल्या.

अध्यक्षांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी विचारलं, "माझा गुलमोहर फेकलात का?"

"फेकीन काहून? जितं झाड होतं थे."

मावशींनी त्यांना गावातल्या शाळेत नेलं. कुंपणाच्या कडेनं तीस गुलमोहर उभे होते आणि मे महिना असल्यामुळे लालेलाल फुलले होते. अध्यक्ष त्यातल्या पहिल्या झाडाखाली उभे राहिले. ऊन टळेपर्यंत तिथंच बसले, दोनदा चहा प्यायले आणि जाताना जेसीबी परत पाठवला.

गावाची समजूत एवढ्या सहज पटली नाही. पण पुढच्या हंगामात मावशी दिराच्या दारी गेल्या आणि टेकडीकडच्या सगळ्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, करडईचा पट्टा पेरू या म्हणाल्या. करडईचे काटे डुकराच्या तोंडाला टोचतात. बी त्यांनी घरचं दिलं आणि पहिल्या दिवशी स्वतः पेरलं. डुकरं बंद झाली नाहीत, कमी झाली. दीर आजही कुरकुरतात, पण आवळे न्यायला टेकडीवर येतात.

पुढे मावशींचे गुडघे गेले. मुलीनं त्यांना अमरावतीला नेलं, आणि तिथंच गेल्या वर्षी त्या वारल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते अकोटच्या स्टँडवरचं.

मी त्यांना अमरावतीच्या गाडीत बसवून दिलं होतं. गाडी सुटली आणि थोड्याच अंतरावर मावशींनी ती थांबवली, म्हणून मी मागे धावलो. तिथं रस्ता रुंद करायला कडेचा जुना वड पाडला होता. मावशी काठी टेकत खाली उतरल्या आणि मनगटाएवढी जाड फांदी ओढू लागल्या. वडाची फांदी रोवली की जगते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. कंडक्टर कावला, "मावशी, याचं तिकीट लागते!"

"अर्धं काढ," मावशी म्हणाल्या. "लायना हाय थो अजून."

शेवटी कंडक्टरनंच फांदी वर घेतली. ती आत मावेना, म्हणून तिचं टोक खिडकीबाहेर राहिलं. मी हात हलवत खिडकीपाशी गेलो, पण पानांआड मावशी दिसल्याच नाहीत. पानं हलवत गाडी अमरावतीकडे निघून गेली.