बिनसाखरेचा चहा

नव्वदच्या दशकात सुरतेत एक बाजार-पाहणी कंपनी नव्या वस्तू घरी वापरायला द्यायची आणि मत विचारायची. मोबदल्यात स्टीलचे डबे मिळायचे. घशाच्या कर्करोगामुळे बाबांची पलसाण्याच्या डाइंग मिलमधली नोकरी सुटली होती. घरबसल्या त्यांचाही जीव रमेल म्हणून आईने दोघांची नावं दिली.

एकदा कंपनीच्या बाई चहाच्या नव्या पाकिटाबद्दल विचारायला आल्या. आईने सगळ्यांसाठी तोच चहा केला. मी घोट घेतला, तर त्यात साखरच नव्हती. बाईंनी कप अजून उचलला नव्हता. बाबांनी मात्र स्वतःचा संपवला होता आणि ते सांगत होते, "छान आहे. गोडीही अगदी बेताची."

आईने आपला कप चाखला आणि त्यांच्याकडे बघतच राहिली.

बाई गेल्यावर तिने विचारलं, "चव कधीपासून कळत नाही?"

"रेडिएशनचे शेक घेतल्यापासून," बाबा म्हणाले. "तू एवढं मनापासून रांधतेस, कसं सांगू?"

उन्हाळा लागायच्या आतच बाबा गेले. तोवर आई रोज त्यांच्या आवडीचंच करत राहिली. भाजी कशी झाली, हे मात्र तिने त्यांना पुन्हा कधीच विचारलं नाही.