संदर्भसूचीत नसलेलं नाव

मैत्रिणीचा पेपर परदेशातल्या एका मोठ्या अर्थशास्त्रीय जर्नलने स्वीकारला, ही बातमी मला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासताना कळली. फोनवर तिचा मेसेज आला, 'अक्का, झालं एकदाचं!' मी अभिनंदन आणि फुलांचा गुच्छ पाठवला. मग मागणीचा नियम बरोबर लिहिलेल्या एका मुलीचा एक गुण उगाचच कापला. थोड्या वेळाने तो परत दिला, पण माझं काय चाललंय ते मला तेवढ्यावरून कळलं.

आम्ही दोघींनी एकाच गाइडकडे पीएचडी केली. ती पुण्याहून आलेली, मी मल्लेश्वरमची. आमचं घराणं इतक्या पिढ्यांपासून इथलं की घरातल्या मराठीत बरंच कन्नड मिसळलेलं. मी 'स्वल्प थांब' म्हटलं की ती हसायची. मी दोन वर्षांनी मोठी म्हणून तिने मला अक्का म्हणायला सुरुवात केली. पुढे ती एका संशोधन संस्थेत लागली आणि एचएसआर लेआउटला राहायला गेली. मी घराजवळच्या कॉलेजात शिकवू लागले. आठवडाभर तास, वर परीक्षांची कामं.

संशोधन मात्र मी सोडलं नव्हतं. बोम्मसंद्राच्या कारखान्यांत लागलेल्या बायका वर्षाच्या आत नोकरी का सोडतात, हा माझा प्रश्न होता. चार वर्षं, जमेल त्या शनिवारी, मी शिफ्ट सुटताना गेटबाहेर उभी राहून त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलले. सासू, मूल, पाठदुखी, अशी कारणं वहीत उतरवत गेले. हळूहळू लक्षात आलं की कंपनीच्या बसचा थांबा घरापासून लांब नेला की थोड्या दिवसांनी बाई दिसेनाशी होते. हे मी मैत्रिणीला एकदा कॉफी पिताना सांगितलं होतं. आणि आता तिचा पेपर कशावर होता? शहरातले बसमार्ग आणि बायकांच्या नोकऱ्या यांवर.

तिने तो मला लगेच पाठवला. मी सारांश वाचला आणि फाइल बंद केली.

घरी आईला म्हटलं, "माझी कल्पना घेतली तिने."

आई अवरेच्या शेंगा सोलत होती. "तिला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात?"

"सरी, ठीक आहे," एवढंच म्हणून ती सोलत राहिली.

त्याच हिवाळ्यात मी माझा पेपर पुरा करायला घेतला. चार वर्षं रखडलेलं काम चार महिन्यांत उरकलं, आणि ते विषयाच्या प्रेमामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पाठवायचा तर तिच्याच जर्नलला, हे मी आधीच ठरवलं होतं. मधे तिचा फोन आला.

"सबमिट करायच्या आधी मला पाठव ना. एकदा नजर टाकते."

"झालंय गं सगळं," मी म्हटलं. झालं काहीच नव्हतं.

आधीच्या संशोधनाचा आढावा लिहिताना मी जुने-नवे, दूरदूरचे सगळे पेपर घातले. तिचं नाव टाइप केलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि पुसून टाकलं. तिचा विषय शहरातल्या बसचा, माझा कंपनीच्या बसचा, तेव्हा संबंध नाही, असं स्वतःला समजावलं. जर्नलच्या नियमाप्रमाणे फाइलमध्ये लेखकाची ओळख कुठेही दिसता कामा नये, म्हणून माझं नावही शोधून शोधून काढलं. ते काढायला निदान नियम तरी होता.

दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत मी पेपर अपलोड केला. छापून येण्याआधी कुणा मोठ्या अभ्यासकाच्या नजरेला पडला तर बरं, म्हणून एक प्रत माझ्या वेबपानावरही ठेवली. नंतर पाच महिने काहीच कळलं नाही.

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी पहिल्यांदा 'नाकारला' हा शब्द शोधला. तो नव्हता. दुरुस्त करून पुन्हा पाठवा, असं होतं. पेपर तपासणाऱ्या पहिल्या रेफरीला मुलाखती आवडल्या होत्या. दुसऱ्याने लिहिलं होतं की या विषयाशी सर्वांत जवळचा पेपर लेखकाने पाहिलेला दिसत नाही, आणि तो वाचला तर तिसऱ्या तक्त्यातली थांब्यांच्या अंतरांची अडचण सुटेल. खाली मैत्रिणीच्या पेपरचं नाव.

आता वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहिल्याच पानावर तळटीप होती. हा प्रश्न मुळात बोम्मसंद्राला मुलाखती घेणाऱ्या एका सहकारी अभ्यासकाच्या निरीक्षणातून सुचला, आणि पुढे माझं पूर्ण नाव. माझे कान तापले. तरी मी पुढे वाचत गेले. पेपर फार चांगला होता. हे मला तळटिपेहून जड गेलं.

रविवारी मी तिच्या घरी गेले. दारातच म्हटलं, "तुझा पेपर मी संदर्भांतून मुद्दाम वगळला."

"माहीत आहे. तू वेबपानावर ठेवलास तेव्हाच पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझं नाव घाल म्हणून मागायला येऊ?" ती सोफ्याच्या कडेला बसली. "नाव घातलं नाहीस त्याचं एवढं नाही गं. वाचून, पटला नाही म्हणून वगळला असतास तर आपण भांडलो असतो. पण तू वाचलाच नव्हतास ना?"

मी नाही म्हटलं.

"छापून आल्यापासून वाट बघत होते, तळटीप दिसली की अक्काचा फोन येईल म्हणून."

त्या दिवशी तिने मला कॉफी विचारली नाही, आणि मीही फार वेळ थांबले नाही.

दोन आठवडे तिचा मेसेज नव्हता. मग तिची एक मेल आली. वर नाव नाही, खाली सही नाही, नुसत्या बसथांब्यांच्या आकड्यांच्या फाइली आणि एक ओळ: तिसऱ्या तक्त्याला हे वापर.

वापरलं, आणि तक्ता उभा राहिला. रेफरीला उत्तर देताना मी 'नजरचुकीने सुटला' असं लिहिलं, मग ते खोडलं. 'पहिल्या मसुद्यात हा पेपर असायला हवा होता' एवढंच ठेवलं. आणखी एका फेरीनंतर पेपर स्वीकारला गेला. मी तिला फोन केला. ती मनापासून हसली, पण आधीचा मोकळेपणा यायला बरेच महिने लागले.

माझा मत्सर गेला असं मात्र नाही. गेल्या महिन्यात तिने नवा मसुदा पाठवला, आणि परदेशातल्या विद्यापीठाने वर्षभरासाठी बोलावल्याचंही कळवलं. मी मसुदा त्याच संध्याकाळी शेवटपर्यंत वाचला. पाचव्या तक्त्यात एका रकान्याची बेरीज चुकली होती. ती सापडल्यावर मला जो आनंद झाला, तो काही चांगल्या माणसाचा आनंद नव्हता. तो थोडा ओसरू दिला आणि मग चूक सांगायला तिला फोन लावला.