मेस्ताचा नारळ

गोव्यात तुये गावी आमच्या शेजारी गॅरेज आहे. तिथला मेस्त, म्हणजे मेकॅनिक, ब्रेकचे काम झाले की रस्त्यात नारळ ठेवून त्यावर गाडी घालतो. ती अलीकडे थांबली, तरच चावी मालकाला.

काल त्याने शर्यतीच्या गाडीसारख्या एका लाल गाडीच्या चाकांना ब्रेक आवळणारे नवे मोठे कॅलिपर बसवले, तरी पेडल मऊ. गाडी नारळ चिरडून पुढे गेली.

"चलता रे मेस्त, म्हाका आज घाट देंवपाचो आसा," घाट उतरायच्या घाईत असलेला मालक म्हणाला.

मेस्ताने चावी खिशात टाकली आणि कुंपणाशी बघत उभ्या असलेल्या मला हाक मारली. "बाये, पेडल दाब गो!"

मी लाजत गाडीत बसले. "दाब... धर... सोड," तो आरतीच्या चालीवर म्हणत होता. ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काही निघेना. मग चाकाकडून ओरडला, "डावो उजव्याक लायलो हांवें! न्हवऱ्याक घोड्यार उलटो बसयलो!" डावा कॅलिपर उजवीकडे बसल्यामुळे हवा काढायचा स्क्रू खाली गेला होता आणि हवा वर अडकली होती. मालकासमोरच तो स्वतःला पोटभर हसला.

कॅलिपरांची अदलाबदल करून झाल्यावर मी पुन्हा दाबले. पेडल दगडासारखे घट्ट! मी उतरले आणि मेस्त स्वतः गाडीत बसला. गाडी सुटली आणि नव्या नारळाच्या वीतभर अलीकडे थांबली!

मेस्ताने तो फोडून पहिला तुकडा मला दिला. परक्यांसमोर मी कधी खात नाही. काल तिथेच उभी राहून खाल्ला.