तुरीच्या शेंगेचा रंग

सकाळी कोकिळाबाईंच्या गॅसवर दोन पातेली असतात आणि त्यातल्या एकाचं झाकण उघडायची सदाशिवरावांना सक्त मनाई आहे. एकदा कढी समजून त्यांनी डाळिंबाच्या सालींचं पाणी भातावर वाढून घेतलं होतं. तोंड दुपारपर्यंत तुरट, आणि बायको हळहळत होती ती वाया गेलेल्या रंगासाठी.

त्या दिवशी ते झाकणाकडे संशयानं बघत चहा पीत होते, तेवढ्यात दार वाजलं.

यवतमाळहून पहिल्या बसनं आलेली कुणी सुरभी होती. तिनं पिशवीतून अर्धी विणलेली शाल काढली. "काकू, हे सूत बचतगटाच्या प्रदर्शनातलं, तुमचंच ना? मला आणखी पाहिजे, पण हाच रंग. जमला तर माझ्या दुकानासाठी कायम तुमच्याकडूनच सूत घेईन."

वाळत आलेल्या तुरीच्या शेंगेचा रंग होता तो. हिरवा म्हणावं तर राखाडी, राखाडी म्हणावं तर हिरवा.

"न जमाले काय झालं? पुढच्या आठवड्यात या," कोकिळाबाई म्हणाल्या.

कॉलेजात असताना सूतकताईच्या स्पर्धेत चरखा त्यांच्या हाती आला होता. मैत्रिणींनी अर्ध्या तासात हात टेकले, ह्यांचा मात्र हात सुटेना. लग्न होऊन दारव्ह्याला आल्या, तर घरचाच कापूस! तो विकायला निघाला की ह्या चार मुठी काढून घ्यायच्या.

"गाडीभर माल चालला, अन् तू मुठीभरासाठी अडवून राह्यली," सदाशिवराव वैतागायचे.

"गाडी तुमची, मूठ माही."

मग सरकी काढा, पेळू वळा, सूत काता, रंगवा. पुढे विकायचंही ठरवलं. पण गिऱ्हाईक कोण? नणंदा आणि जावा. "अगंबाई, किती गोड!" म्हणत सुताच्या लड्या पिशवीत जायच्या आणि पैशांचा विषय निघाला की नेमकी बस सुटायची वेळ व्हायची. नात्यागोत्याबाहेरचं, आपल्या पायांनी दारात आलेलं पहिलं माणूस म्हणजे ही सुरभी.

आणि आता तोच रंग काही येईना. साली त्याच, तुरटी तीच, पातेलं तेच, पण लडी निघे ती पिवळीधम्मक.

"हळद लागलेली नवरी दिसते," सदाशिवराव म्हणाले. कोकिळाबाईंनी असं पाहिलं, की त्यांना काहीतरी कामाचं बोलणं भागच पडलं. "ते सूत रंगवलं त्या उन्हाळ्यात नळ बंद होते न? पाणी तं आपण शेजारच्या गौहरभाभीच्या बोरिंगचं आणत होतो."

कोकिळाबाईंनी पिवळी लडी हातातून खाली ठेवली. बादल्या लाल करणारं ते लोखंडी पाणी! सालींचा पिवळा रंग हिरवट-राखाडी केला होता तो त्यातल्या लोखंडानंच.

पण गौहरभाभींशी अबोला होता. त्याच उन्हाळ्यात, ईदच्या आदल्या दिवशी, कोकिळाबाईंच्या ओल्या लड्या भाभींच्या नवऱ्याच्या, गुलाम नबींच्या, वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर ठिबकल्या होत्या. डाग चोळता चोळता शेजारीणबाईंनी काकुळतीनं विचारलं, "जाएगा न?" आणि कोकिळाबाई अभिमानानं बोलून गेल्या, "छे, भाभी! माहा रंग पक्का असते."

सुरभी यायच्या आदल्या दिवशी कोकिळाबाई गौहरभाभींच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. भाभी लसूण सोलत होत्या. कोकिळाबाईंनी गुलाम नबींच्या गुडघ्याची चौकशी केली. मग त्यांच्या गॅरेजची. मग लसणाच्या भावाची.

"वो दाग अभी भी वैसाच है," भाभी मान वर न करता म्हणाल्या. "सारे साबण हरले."

'मी म्हटलंच होतं' हे शब्द कोकिळाबाईंच्या अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते मोठ्या कष्टानं गिळले.

"चुकलं माहं, भाभी. तवा तसं बोलाले नव्हतं पाह्यजे."

भाभींनी आता वर पाहिलं. ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. "घुमाओ मत, कोकिळाताई. कायले आल्या ते सांगा."

"मले तुमच्या बोरिंगचं एक बादली पाणी पाह्यजे."